काच मूळची कुठली?

नागपूरहून रामटेकला जाताना अलीकडेच नगरधनचा फाटा लागतो. तेथील किल्ल्यामुळे हे गाव पुष्कळांना माहीत आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असे इतिहासकार मानतात. २०१५ ते २०१८ या काळात पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्याचा पुरातत्त्व विभाग यांनी येथे उत्खनन केले. त्यात राणी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी. पतीच्या मृत्यूनंतर चौथ्या शतकाच्या अखेरीस आणि पाचव्या शतकाच्या आरंभी तिने विदर्भाचा कारभार पाहिला. मुद्रेचे महत्त्व उघडच आहे. पण याच उत्खननात काचेची कर्णभूषणेही मिळाली. आपल्याला येथे विचार करायचा आहे तो त्या काचेचा.

असा काचेचा तुकडा हाती आला की पहिला प्रश्न येतो, हा इथला की बाहेरचा? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी पाहूनच दिले जाई. काच स्वच्छ, सुबक, पारदर्शक असली की तिच्यावर ‘रोमन’ अशी चिठ्ठी लागे. ओबडधोबड असली की ती ‘स्थानिक’ ठरे. या चिठ्ठीमागे एक गृहीत होते, की काचेची खरी विद्या भूमध्य समुद्राकाठची आणि आपल्याकडे आले ते तिचे शिंतोडे. गेल्या काही दशकांत रसायनशास्त्राने या गृहीताची चांगलीच उलटतपासणी केली आहे. ती कशी, हे समजण्यासाठी आधी रोमन काच म्हणजे काय ते पाहू.

प्रभावतीगुप्ता नंदिवर्धनला होती तेव्हा रोमन साम्राज्याची राजधानी पूर्वेला, कॉन्स्टँटिनोपलला (आजचे इस्तंबूल) येऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. कॉन्स्टंटाइन बादशहाने ती ३३० साली तेथे नेली. पुढे जे बायझंटाइन साम्राज्य म्हणून ओळखले गेले त्याची ही सुरुवात. सीरिया, पॅलेस्टाइन, ईजिप्त या त्याच्या पूर्वेकडील प्रांतांत काचेची भांडी ही तोवर चैनीची वस्तू राहिलेली नव्हती. लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि फुंकून फुगवायचा, ही युक्ती इसवी सनापूर्वी सुमारे ५० वर्षे त्याच भागात निघाली होती. तिने काच स्वस्त करून टाकली. त्याआधी एक कुपी करायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात फुंकणारा कारागीर कित्येक कुप्या करू लागला.

चौथ्या-पाचव्या शतकांतली ही भांडी ओळखू येतात. रंग बहुधा हिरवट किंवा पिवळसर हिरवा, काचेत बुडबुडे. पेल्यांच्या कडा पुष्कळदा घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या नसतात. नळीवरून भांडे तडकवून सोडवले की कड तशीच ठेवलेली. पेल्याच्या अंगावर गडद निळ्या काचेचे ठिपके चिकटवायची तेव्हा फॅशन होती. खाली निमुळते होत गेलेले पेले दिवे म्हणूनही वापरत. तळाशी पाणी, वर तेल, तेलात वात. आपल्याकडच्या वाड्यांतल्या टांगत्या हंड्यांचे हे पूर्वज म्हणायला हरकत नाही. पॅलेस्टाइनकडे आणखी एक गमतीची वस्तू मिळते. दोन बारीक नळकांड्या एकमेकींना चिकटवलेल्या आणि वर धरायला काचेच्याच दोऱ्याचा कान. ही काजळ-सुरम्याची जोडडबी.

भाव काय होता, तेही आपल्याला कळते. डायोक्लेशियन बादशहाने ३०१ साली महागाई रोखण्यासाठी कमाल किमतींचा जाहीरनामा काढला. त्यात काचेचे दर वजनावर दिले आहेत. अलेक्झांड्रियाची काच २४ दिनार रतल, तर ज्यूडियाची हिरवट काच १३ दिनार. साध्या घडवलेल्या पेल्यांना अनुक्रमे ३० आणि २०. म्हणजे बाजारात काच दोन रूपांत विकली जाई, कच्ची आणि घडवलेली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढचा सारा विचार तिच्यावरच उभा आहे.

दोन जन्म

काच मुख्यतः वाळूपासून, म्हणजे सिलिकापासून होते. पण शुद्ध सिलिका वितळायला १७०० अंश सेल्सियसच्या वर उष्णता लागते. लाकडाच्या भट्टीत ती मिळणे अशक्य. वाळूत सोडा मिसळला की मिश्रण हजार-अकराशे अंशांना वितळते. मात्र निव्वळ सोडा आणि वाळू यांची काच पाण्यात विरघळते. ती टिकाऊ करायला चुना हवा. वाळू, सोडा आणि चुना या त्रिकुटावर रोमन काच उभी आहे आणि आपल्या वर्गाच्या खिडकीची काचही.

रोमनांचा सोडा येई ईजिप्तमधून, कैरोच्या वायव्येस असलेल्या वादी नात्रून या खोलगट भागातून. तेथील तळी उन्हाळ्यात आटतात आणि काठावर क्षाराचे पापुद्रे राहतात. वाळू मिळे पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर. नाईल नदीने समुद्रात आणून टाकलेली वाळू प्रवाहाबरोबर किनाऱ्याने वर सरकते. वाटेत घासून घासून तिच्यातले मऊ खनिज निघून जाते आणि जवळजवळ नुसते क्वार्ट्झ उरते. तिच्यात शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतोच, म्हणजे चुनाही आयताच मिळाला. चुना मुद्दाम घालायला हवा, हे त्या कारागिरांना ठाऊक असण्याची गरजच नव्हती.

प्लिनी या रोमन लेखकाने काचेच्या शोधाची एक गोष्ट सांगितली आहे. खलाशी याच किनाऱ्यावर उतरले, चूल मांडायला दगड मिळेनात म्हणून त्यांनी जहाजातल्या क्षाराच्या वड्या भांड्याखाली ठेवल्या आणि वाळूतून काचेचा ओहोळ वाहू लागला! पाठ्यपुस्तकांतून ही गोष्ट अजून भेटते. उघड्यावरच्या चुलीची आच एवढी नसते, हे आठवीतला विद्यार्थीही सांगेल. पण गोष्टीतला पत्ता मात्र बरोबर आहे.

आता महत्त्वाचा मुद्दा. काच तयार करणे आणि काचेची वस्तू तयार करणे हे रोमन जगात दोन वेगळे धंदे होते. पहिला धंदा वाळू आणि इंधन मुबलक असेल अशा मोजक्या ठिकाणी चाले. मोठमोठ्या हौदांसारख्या भट्ट्यांत एका वेळी कित्येक टन काच वितळवत, दिवसचे दिवस तापवत, मग भट्टी निवली की छप्पर फोडून काचेची लादी काढत आणि तिचे तुकडे करून विकत. उत्तर पॅलेस्टाइनमधील बेत शेआरिम येथे एका गुहेत सुमारे ९ टनांची एक लादी अजून पडलेली आहे. तिचा काळ नवव्या शतकाच्या आरंभीचा ठरला आहे. चुन्याचे प्रमाण फार झाल्यामुळे ती काच बिघडली, विकता आली नाही, म्हणून तेथेच राहिली. बिघडली नसती तर फोडून कुठल्या कुठे गेली असती आणि हे काम कसे चाले ते आपल्याला कळायला अवघड गेले असते.

दुसरा धंदा गावोगाव. कच्ची काच विकत घ्यायची, लहान भट्टीत पुन्हा वितळवायची आणि फुंकून भांडी करायची. फुटलेली काचही त्यात जाई. रोममध्ये गंधकाच्या काड्या देऊन फुटकी काच गोळा करणारे फेरीवाले असत. ‘बाटली-भंगार’ अशी आरोळी ऐकत वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

काचेचे असे दोन जन्म असल्यामुळे ‘ही काच कुठली?’ हा एक प्रश्न नसून दोन आहेत. वस्तू कुठे घडली ते तिचा आकार सांगतो. कच्ची काच कुठे जन्मली ते तिच्यातली मूलद्रव्ये सांगतात. ही दोन उत्तरे सारखी असतीलच असे नाही.

आपला क्षार, आपली वाळू

अमरकोशात ‘काच’ या शब्दाचा पर्याय म्हणून ‘क्षार’ हा शब्द दिलेला आहे. कोशकाराने काचेची ओळख तिच्या चमकेवरून न करता तिच्यातल्या मुख्य घटकावरून केली, हे रसायनाच्या शिक्षकांनी आवर्जून सांगण्यासारखे आहे. काचेसाठी क्षार लागतो हे ज्ञान त्या काळी येथे रुळलेले होते.

हा क्षार आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जमिनीतून मिळे. उत्तर भारतात खारवट जमिनीवर उन्हाळ्यात पांढरी बुरशी आल्यासारखा थर येतो. त्याला ‘रेह’ म्हणतात. सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट, सल्फेट आणि मीठ यांचे ते मिश्रण असते. रेह मातीसकट खरवडून भट्टीत घालून काच करण्याची रीत उत्तर प्रदेशात अगदी अलीकडच्या काळापर्यंत होती. त्याच राज्यातील कोपिया येथे डॉ. आलोक कुमार कानुंगो यांनी २००४ पासून केलेल्या उत्खननांत प्राचीन काचनिर्मितीचे भरपूर पुरावे मिळाले.

विदर्भात तर क्षाराचे एक अजब भांडार आहे, बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेला हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा सर्वांना परिचित आहे. त्यातल्या तळ्यात झरे येऊन मिळतात, पण पाण्याला बाहेर जायला वाट नाही; ते फक्त वाफ होऊनच जाते. म्हणून सोडियमचे क्षार साठत जातात. वादी नात्रूनमध्ये घडते तेच येथे, थोड्या निराळ्या पार्श्वभूमीवर. तळ्यातून काढलेल्या क्षारांना दल्ला, पापडी, भुसकी अशी गावरान नावे होती. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारचा उल्लेख केला आहे आणि काच व साबण करायला लागणारे सारे साहित्य तेथे मिळते, असे नोंदवले आहे. अर्थात ही नोंद वाकाटकांनंतर हजार-अकराशे वर्षांनी झालेली. तिच्या आधाराने नगरधनच्या काचेत लोणारचा क्षार आहे असे म्हणणे म्हणजे उडी मारणे होईल.

फरक पडतो तो मुख्यतः वाळूमुळे. आपल्याकडची वाळू समुद्राने घासून शुद्ध केलेली नसते. ग्रॅनाइट आणि नाइस यांसारखे खडक झिजून ती नद्यांत येते आणि तिच्यात फेल्डस्पार हे खनिज बरेच असते. फेल्डस्पारमध्ये ॲल्युमिनियम असते. त्यामुळे भारतीय काचेत ॲल्युमिनाचे प्रमाण साधारण ५ ते १० टक्के, कधी त्याहूनही जास्त भरते. रोमन काचेत ते जेमतेम अडीच टक्के असते. उलट चुना रोमन काचेत ७-८ टक्के, तर या भारतीय काचेत बहुधा २ ते ४ टक्के. सोडा दोन्हींत सारखाच, १६-१७ टक्क्यांच्या आसपास. गंमत अशी की आपल्या खिडकीची काच घटकांच्या दृष्टीने प्राचीन भारतीय मण्यापेक्षा रोमन पेल्याला जवळची आहे.

भारतात सर्व काच अशीच होती असे मात्र नव्हे. पोटॅश वापरून केलेली काचही आपल्याकडे सापडते. तरीही ॲल्युमिनाचा आकडा हा पहिला, ठळक खुणेचा दगड आहे. अमेरिकेतील कॉर्निंग संग्रहालयाचे रॉबर्ट ब्रिल यांनी भारतीय काचांची विश्लेषणे करून असे अनेक आकडे जमवले. १९८६ साली दिल्लीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय काच परिषदेत त्यांनी ते मांडले. त्यापूर्वी भारतीय काचेचा सलग इतिहास लिहिला तो डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी. त्यांचा ‘हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास’ हा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. दीक्षितांनी डॉ. ह. धी. सांकलियांबरोबर कोल्हापूरची ब्रह्मपुरी खणली होती आणि पुढे विदर्भात वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूरही. मातीतून निघालेला मणी हातात घेऊन पाहिलेला हा माणूस. आज त्यांच्या काही निष्कर्षांत भर घालावी लागते, पण भारतीय काच हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे हे त्यांनी ठसवले.

आता ही विश्लेषणे करायला वस्तूचा तुकडाही मोडावा लागत नाही. लेसरचा बारीक झोत काचेवर टाकून डोळ्यांना न दिसेल एवढाच खड्डा पाडतात आणि उडालेल्या वाफेतील मूलद्रव्ये मोजतात. हातात धरायची क्ष-किरण यंत्रे आणखी सोयीची; पण त्यांना सोडियमसारखे हलके मूलद्रव्य नीट दिसत नाही आणि पृष्ठभाग गंजलेला असला तर ती फसतात.

काच गंजते, हे वाचून काहींना नवल वाटेल. मातीतल्या ओलाव्याने काचेतील सोडियम हळूहळू बाहेर जाते, त्याची जागा पाणी घेते आणि वर सिलिकाचे पापुद्र्यांसारखे थर राहतात. त्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असली की साबणाच्या फुग्यावर किंवा ओल्या रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात तसे इंद्रधनुष्यी रंग दिसू लागतात. संग्रहालयातील रोमन कुप्यांवर लोक भाळतात ते पुष्कळदा या रंगांवर. कारागिराने ते केलेले नसतात. ती त्या काचेची झीज आहे. ॲल्युमिना जास्त असलेली काच या झिजेला अधिक तोंड देते, त्यामुळे आपल्याकडचे पुष्कळ मणी दीड-दोन हजार वर्षांनीही टवटवीत दिसतात.

भांडी का नाहीत?

इथे एक प्रश्न उरतो. काच येथे होत होती, तर काचेची भांडी का सापडत नाहीत? विदर्भात मण्यांचा तोटा नाही. नागपूरजवळच्या माहुरझरीला अकीक, स्फटिक यांचे मणी करण्याचा मोठा उद्योग होता. पण विदर्भ-महाराष्ट्रातल्या प्राचीन स्थळांवर काच म्हणजे मणी, बांगड्या, कर्णभूषणे. भांड्यांचे तुकडे क्वचित.

परदेशी माल पोचत नव्हता असे नाही. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर, यांची नावे आहेत. तेथला माल भडोचच्या बंदरात जाई. ब्रह्मपुरीला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती मिळाली, ती कोल्हापूरच्या संग्रहालयात आहे. याच पेरिप्लसमध्ये भडोचला येणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे. सिंधू नदीच्या मुखावरील बंदराच्या यादीत मात्र काचेची भांडी आहेत. भडोचच्या गिऱ्हाइकाला भांडी नको होती, काच हवी होती! म्हणजे भूमध्य किनाऱ्यावर पहिला जन्म घेतलेल्या काचेने आपला दुसरा जन्म दख्खनच्या एखाद्या मणेऱ्याच्या किंवा कासाराच्या भट्टीत घेतला असणे शक्य आहे. असा मणी घटकांनी रोमन, आकाराने आणि वापराने पूर्ण इथला. त्याला एका शब्दाची चिठ्ठी पुरणार नाही.

माझ्या मते भांडी नसण्याचे कारण तंत्राच्या अभावापेक्षा घरातल्या सवयींत शोधावे. मातीचे भांडे वापरून टाकता येते, धातूचे घासून शुद्ध करता येते. काचेचे भांडे या दोहोंत कुठेच बसत नाही. बांगडीला ही अडचण नव्हती. आपल्याकडे कारखान्यातली फुंकलेली काच मराठी घराघरांत शिरली ती फार उशिरा, कंदिलाच्या काचेच्या रूपाने. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा आणि ओगल्यांचा त्यानंतरचा.

फुंकणे नाही म्हणून कौशल्य कमी, असेही नाही. आंध्र प्रदेशातील पापानायडुपेट या गावी मणी करण्याची जुनी रीत विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी पाहून लिहून ठेवली. पोकळ लोखंडी दांड्यावर वितळलेल्या काचेचा मोठा शंकूसारखा गोळा घेतात, आतून आकड्याने टोक पकडतात आणि कारागीर काचेची पोकळ नळी सतत ओढत राहतो. मग तिचे बारीक तुकडे करून राखेत घोळवून पुन्हा तापवतात, म्हणजे कडा गोल होतात आणि भोक बुजत नाही. एका ओढीत हजारो मणी. रोमन फुंकणाऱ्याने भांडे स्वस्त केले, आपल्या ओढणाऱ्याने मणी.

रंगांची रसायने दोन्हीकडे बरीचशी सारखी होती आणि ती वर्गात दाखवता येतात. नायक्रोम तारेच्या टोकाला लहान कडे करावे, ते तापवून टाकणखारात बुडवावे व पुन्हा तापवावे. कड्यात काचेसारखा पारदर्शक मणी तयार होतो. त्याला मोरचुदाचा अगदी बारीक कण लावून तापवला तर निवल्यावर निळा रंग येतो. लोहाचा क्षार घेतला तर पिवळसर, ज्योतीच्या आतल्या भागात धरला तर हिरवट. मँगनीजने जांभळा. लोह आणि मँगनीज यांची झटापट विशेष पाहण्यासारखी. वाळूत लोह असतेच, त्यामुळे काच हिरवट होते. थोडे मँगनीज डायऑक्साइड घातले की ते लोहाचे ऑक्सिडीकरण करते, स्वतः क्षपण पावून बिनरंगी होते आणि काच उजळते. रोमनांना ही युक्ती ठाऊक होती. खिडकीच्या काचेची कड विद्यार्थ्यांना आडवी धरून पाहायला सांगावी. लोहाचा हिरवा रंग आजही तेथे लपलेला सापडतो.

भारतातून काच पश्चिमेकडेही जात होती. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके हे ईजिप्तचे रोमन बंदर. तेथील उत्खननात, चौथ्या-पाचव्या शतकांच्या थरांतही, दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडचे ओढीव मणी मिळाले आहेत. असेच मणी पूर्वेला इंडोनेशियापर्यंत आणि पश्चिमेला आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत सापडतात. रोमन साम्राज्याच्या दाराशी, काचेच्या माहेरघराजवळ, भारतीय काच विकत घेणारे लोक होते. नंदिवर्धनच्या कोणा स्त्रीच्या कानात आणि बेरेनिकेच्या कोणा खलाशाच्या गळ्यात त्या शतकांत काचच होती, आणि दोघांच्याही काचेला तेच दोन प्रश्न विचारावे लागतात: वाळू कुठली, आणि हात कुणाचे?